गोळी, कॉलर आणि थिजलेली मान: व्हेस्टिब्युलर न्युरायटिसनंतरच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं जसंच्या तसं नाही. एकाच वाटेने जाणाऱ्या अनेक रुग्णांवरून ते बेतलं आहे, आणि त्यातले तपासणीचे आकडे अशा रुग्णांमध्ये दिसतात तसे ठेवले आहेत.

तक्रार आणि आधीची हकिकत

रुग्ण ५२ वर्षांच्या बाई. हिशेबाचं काम, दिवसभर दोन पडद्यांसमोर बैठक. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अर्धशिशी कधी झालेली नाही, कानाचं जुनं दुखणं नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा पहिल्या झटक्याला १४ आठवडे उलटून गेले होते.

झटका अगदी पाठ्यपुस्तकात वर्णन असतं तसा आला. सकाळी जाग आली तीच सगळं गरगरत असताना. डोळे मिटले तरी फिरणं थांबेना, डोकं जरा हललं की वाढायचं, उलट्या चालूच. ऐकू येण्यात काही फरक पडला नव्हता, कानात आवाज नव्हता. दोन दिवसांनी गरगरणं ओसरलं आणि आठवडाभरात भिंतीला हात लावत घरात फिरता येऊ लागलं.

तातडीच्या विभागात त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांनी तीन गोष्टी नोंदवून ठेवल्या होत्या, आणि त्या नोंदीमुळे आमचं पुढचं काम सोपं झालं. डोकं झटकन उजवीकडे वळवल्यावर नजर लक्ष्यावर टिकत नव्हती. डोळ्यांना आपोआप बसणारे हिसके, म्हणजे निस्टॅग्मस, कुठेही पाहिलं तरी डावीकडेच जात होते. आणि एकेक डोळा आळीपाळीने झाकला तर डोळे वरखाली सरकत नव्हते. २००९ पासून ही तिहेरी तपासणी ‘हिन्ट्स’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातली पहिली पायरी नवख्याला उलटी वाटते: सतत गरगरत असलेल्या माणसाची डोकं झटकण्याची चाचणी बिघडलेली निघाली तर दोष बहुधा कानाच्या बाजूचा असतो, आणि ती निर्दोष निघाली तर मेंदूतल्या झटक्याची, म्हणजे पक्षाघाताची, काळजी करायची. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा मेंदूच्या मागच्या भागातला छोटा झटका चुकवू शकतो, म्हणून ही डोळ्यांची तपासणी करता येणारा माणूस तिथे असणं फार मोलाचं. या बाईंचे तिन्ही निष्कर्ष कानाकडे बोट दाखवत होते. निदान झालं उजव्या बाजूचा व्हेस्टिब्युलर न्युरायटिस, म्हणजे तोलाची माहिती नेणाऱ्या मज्जातंतूचा दाह.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा पुढच्या १४ आठवड्यांत झाला, आणि तो कुणा एकाच्या चुकीने झाला असंही म्हणता येत नाही. घरी जाताना चक्कर दाबणारी गोळी दिली गेली होती, ती थोड्या दिवसांसाठी होती. ती चालूच राहिली, कारण बंद करावी असं वाटण्याचं धैर्य कुणाला होणार? नातेवाइकांपैकी कुणीतरी ‘हे मानेचंच असतं’ म्हणून सांगितलं, तेव्हा मानेला कॉलर आला. झोपताना एकाऐवजी तीन उशा आल्या. खाली वाकणं बंद, गाडी चालवणं बंद, बाहेर पडताना मुलगा कोपराला धरून. प्रत्येक पाऊल सावधपणाचं आणि प्रत्येक पावलाने त्या थोड्या जास्त आजारी झाल्या.

आम्ही विचारलं, आता नेमकं काय होतं? त्यांचं उत्तर इतकं अचूक होतं की ते केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं: “गरगरत नाही हो आता. पण मान वळवली की डोकं पुढे जातं आणि नजर मागून येते.” चालताना पाट्या वाचता येत नाहीत, अंधारात पाय कुठे पडतोय ते कळत नाही, दोन्ही बाजूंनी रॅक असलेल्या मोठ्या दुकानात शिरलं की पोटात ढवळतं, आणि संध्याकाळपर्यंत डोकं जड होऊन मान आखडते. अशा या तक्रारी.

तपासणी

खरी तपासणी त्या दारातून आत आल्या तेव्हाच सुरू झाली. बाजूने हाक मारली तर त्यांनी मान वळवली नाही. आधी थांबल्या, मग पावलं वळवली, मग खांदे, आणि डोकं खांद्यांबरोबर आलं. कॉलर त्या दिवशी पिशवीत होता, पण मान कॉलरमध्ये असल्यासारखीच.

उजेडात निस्टॅग्मस दिसला नाही. नजर कुठे रोवता येऊ नये असा जाड भिंगांचा चष्मा घातल्यावर डावीकडे जाणारे बारीक हिसके दिसले. म्हणजे दोष जुना झाला होता पण मिटला नव्हता. डोकं झटकण्याची चाचणी उजवीकडे अजून बिघडलेलीच होती. हाल्मागी आणि कर्थॉइस यांनी १९८८ साली मांडलेली ही चाचणी आता कॅमेऱ्याच्या चष्म्याने मोजता येते. डोकं जितकं फिरलं तितकेच डोळे उलट फिरले तर गुणोत्तर १ च्या आसपास येतं, आणि अंतर्कर्णात डोक्याचं फिरणं टिपणाऱ्या पुढची, मागची आणि आडवी अशा तीन नलिकांपैकी आडव्या नलिकेसाठी ते ०.८ च्या खाली गेलं तर दोष धरतात. यांचं डावीकडचं गुणोत्तर ०.९४ होतं, उजव्या आडव्या नलिकेचं ०.४२. उजवी पुढची नलिकाही मंद होती. पण उजवी मागची नलिका जवळपास निरोगी निघाली.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे. तोलाच्या मज्जातंतूला दोन फांद्या असतात. वरची फांदी आडव्या आणि पुढच्या नलिकेची माहिती नेते, खालची मागच्या नलिकेची. न्युरायटिस बहुतेक वेळा वरच्या फांदीला धरतो. इथेही तसंच झालं होतं.

बाकीचं थोडक्यात. डोकं स्थिर असताना दृष्टीच्या तक्त्यावर ज्या ओळीपर्यंत वाचता येत होतं, डोकं हलवत असताना तिथून चार ओळी गमावल्या. दोनपेक्षा जास्त ओळी गेल्या तर ते दोषाचं लक्षण. फोमच्या जाड गादीवर डोळे मिटून ३० सेकंद उभं राहायचं असतं, त्या सहाव्या सेकंदाला उजवीकडे झुकल्या. चालण्याच्या कार्यक्षमतेच्या चाचणीत ३० पैकी १८ गुण मिळाले. चक्करेमुळे आयुष्यावर काय परिणाम झाला ते मोजणारी २५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, ‘डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरी’. तीत १०० पैकी ५८, म्हणजे तीव्र गटात. झोपलेल्या आणि उभ्या स्थितीतला रक्तदाब सारखा. अंतर्कर्णातले सूक्ष्म स्फटिक जागचे सुटलेत का ते पाहणारी डिक्स–हॉलपाइक चाचणी दोन्ही बाजूंना निर्दोष. मान दोन्हीकडे अर्धीच वळत होती आणि खांद्याचे स्नायू दगडासारखे.

काय चाललं होतं आत

दोन्ही अंतर्कर्ण काही हालचाल नसतानाही मेंदूकडे सतत संदेश पाठवत असतात, दर मज्जातंतूमागे सेकंदाला सुमारे ९० ते १०० ठोके. मेंदू दोन्ही बाजूंतला फरक वाचतो, तराजूची दोन पारडी बघावीत तसा. एक बाजू अचानक गप्प झाली की डोकं स्थिर असूनही मेंदूला वाटतं आपण जोरात फिरतोय. पहिल्या दोन दिवसांचं भयंकर गरगरणं ते हेच. मेंदू काही दिवसांत आपली आतली मांडणी बदलून पारडी पुन्हा समान करतो, आणि स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाचंही गरगरणं त्यामुळे थांबतं. यासाठी फारसं काही करावं लागत नाही.

हालचालीतला दोष मात्र आपोआप भरून निघत नाही. डोकं हललं की एका सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे उलट दिशेने फिरून चित्र स्थिर ठेवतात. शरीरातल्या अतिजलद प्रतिक्षिप्त क्रियांपैकी ही एक. ती अर्धवट झाली की डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र सरकतं, आणि ते सरकणं हाच मेंदूला मिळणारा चूक झाल्याचा निरोप. हा निरोप पुन्हा पुन्हा पोचला तरच मेंदू दुरुस्ती करतो. मान घट्ट धरली तर चित्र सरकतच नाही, चूक दिसत नाही, दुरुस्तीही होत नाही. माझ्या मते या क्षेत्रातलं अवघं काम इथे आहे: चक्कर काढून टाकणं नव्हे, तर झेपेल एवढी चूक मेंदूला रोज दाखवणं.

गोळीचा प्रश्नही इथेच येतो. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधं पहिल्या काही दिवसांत उलट्या आणि गरगरणं आवरायला हवीच असतात. पण ती तोलाच्या केंद्रांनाच मंद करतात, म्हणून पुढे चालू ठेवली तर भरपाई लांबते. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास, विशेषतः उतारवयात, हातापायांत कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. चक्करेची गोळी महिनोनमहिने घेणारे लोक पाहिले की मला वाटतं, चिठ्ठीवर सुरू करण्याच्या तारखेइतकीच बंद करण्याची तारीखही ठळक अक्षरात असावी.

आणखी एका शक्यतेचा विचार करणं भाग होतं. मूळ झटका निघून गेल्यावरही तीन महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस डोलल्यासारखं वाटत राहणं, उभं राहिल्यावर, हालचालीत आणि गजबजलेल्या दृश्यांसमोर ते वाढणं, अशा अवस्थेला बारानी सोसायटी या तोलाच्या विकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली निश्चित निकष दिले. तिचं संक्षिप्त नाव पीपीपीडी. या बाईंच्या तक्रारींना त्याची छटा होती: दुकानातली ढवळाढवळ, पडण्याची धास्ती, नजरेवर जरुरीपेक्षा जास्त भिस्त. पण कानातला दोष मोजता येत होता आणि त्यावर अजून काहीच उपचार झाले नव्हते. आधी त्याचं बघू, सहा आठवड्यांनी छटा उरली तर तिचा वेगळा विचार करू, असं ठरवलं.

आखणी

कॉलर पहिल्याच दिवशी कायमचा काढला. गोळीबाबत मूळ कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलून ती दोन आठवड्यांत कमी करत थांबवायची असं ठरलं. मानेसाठी शेक आणि हलके ताण.

मुख्य व्यायाम दिसायला अगदी साधा. हातभर अंतरावर एक अक्षर धरायचं, नजर त्यावर रोवायची आणि डोकं दोन्हीकडे १५–२० अंश हलवायचं, नकार देताना हलवतो तसं. मग होकारासारखं वर-खाली. वर-खाली का? चालताना दर पावलाला डोकं वर-खाली होतं, सेकंदाला साधारण दोनदा, आणि यांची पाट्यांची तक्रार तिथलीच होती. अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन महिन्यांपेक्षा जुन्या दोषाला हा व्यायाम दिवसातून तीन ते पाच वेळा, एकूण किमान २० मिनिटं लागतो. नव्या दोषाला १२ मिनिटं पुरतात. आम्ही चार-चार मिनिटांच्या पाच बैठका आखल्या. जोडीला तोलाचे व्यायाम रोज २० मिनिटं: खोलीच्या कोपऱ्यात पाठ भिंतीकडे, पुढ्यात खुर्ची, आणि पायाखाली फोम. फोमवर पायांची माहिती धूसर होते, डोळे मिटले की नजरेची जाते, आणि तोलासाठी कानाशिवाय कुणी उरत नाही. कोपरा आणि खुर्ची यासाठी की झुकलं तरी पडायला जागाच नको.

त्यांच्याकडे आधी कुठून तरी मिळालेला छापील कागद होता. त्यात डोकं स्थिर ठेवून नुसते डोळे वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवायचे व्यायाम होते. त्या ते इमाने करत होत्या. अशा कागदांचं मूळ १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी बसवलेल्या व्यायामांत आहे. डोक्याला मार लागलेले सैनिक लवकर हालचाल करू लागले तर लवकर सुधारतात हे त्या दोघांनी ओळखलं, आणि आजचं सगळं शास्त्र त्याच निरीक्षणावर उभं आहे. पण त्यांच्या क्रमातली पहिली पायरी, नुसते डोळे फिरवण्याची, तेवढीच उचलून छापली जाते. डोकं हललंच नाही तर कानाला काम कुठलं? वर सांगितलेल्या सूचनांतही नजर स्थिर करण्यासाठी नुसत्या डोळ्यांचे व्यायाम देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. तो कागद आम्ही ठेवून घेतला.

त्रास किती चालेल याचा नियम त्यांना लिहून दिला. व्यायामाने चक्करल्यासारखं वाटलंच पाहिजे, पण शून्य ते दहाच्या मापावर पाचच्या वर जायला नको, आणि थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पूर्ववत व्हायला हवं. तासभर राहिलं तर वेग किंवा वेळ कमी करायची. काहीच वाटलं नाही तर वाढवायची. मुलगा बाजूला बसून ऐकत होता. तो म्हणाला, “म्हणजे आईला मुद्दाम चक्कर आणायची?” हो, मोजून.

अडलेले दोन आठवडे

दोन आठवड्यांनी आकड्यांत हललं असं काहीच नव्हतं. फोमवरचे सेकंद थोडे वाढले होते, मान जरा सैल होती, पण डोकं हलवत असताना चार ओळी अजून जातच होत्या. नोंदवही मात्र चोख भरलेली. एकही बैठक चुकलेली नाही.

अशा वेळी आणखी व्यायाम वाढवण्याचा मोह होतो. त्याआधी आम्ही म्हटलं, घरी करता तसंच इथे करून दाखवा.

बाईंनी पर्समधून अक्षराचं कार्ड काढलं, हात लांब केला, नजर रोवली आणि डोकं हलवायला सुरुवात केली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला दोन सेकंद, परत यायला दोन. जणू डोक्यावर भरलेली घागर आहे. मिनिटभराने थांबून समाधानाने म्हणाल्या, “अक्षर शेवटपर्यंत स्पष्ट दिसतं, डॉक्टर. जराही हललं नाही.”

तिथेच गाठ होती. इतक्या सावकाश हालचालीत डोळे नुसता पाठलाग करूनही अक्षर धरून ठेवू शकतात. कानाच्या प्रतिक्षिप्त क्रियेची गरजच पडत नाही. अक्षर कधी हललंच नाही, तर चूक झाल्याचा निरोप कुठून जाणार? आणखी विचारल्यावर दुसरी गोष्ट निघाली. गोळी कमी करत एकावर आली होती, आणि ती एक त्या सकाळच्या बैठकीच्या अर्धा तास आधी घेत होत्या, व्यायाम नीट व्हावा म्हणून.

याला हट्ट किंवा अज्ञान म्हणणं अन्यायाचं होईल. १४ आठवडे ज्या माणसाने डोकं न हलू देण्याची कला साधली, त्याला हळू हलवणं हेच धाडस वाटतं. फक्त सूचना देऊन वेग येत नाही. म्हणून फोनवर मेट्रोनोम लावला: प्रत्येक ठोक्याला डोकं एका टोकाला. मिनिटाला ९० ठोक्यांपासून सुरुवात. अक्षर थरथरण्याच्या बेतात येईल तो वेग धरायचा, दोन दिवस त्या वेगात स्पष्ट दिसलं की १० ठोके वाढवायचे. अंतिम लक्ष्य २४०, म्हणजे सेकंदाला दोन पूर्ण फेऱ्या, चालण्याच्या गतीशी जुळणाऱ्या. पहिल्या दिवशी ११० वर त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्रास पाचावर गेला आणि बारा मिनिटांत उतरला. तो आकडा त्यांनी स्वतः घड्याळ लावून पाहिला. त्यानंतर मुलगा कोपराला धरेनासा झाला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

गोळी त्याच आठवड्यात पूर्ण थांबली.

पुढचा महिना वेगाचा गेला. मिनिटाला १८० ठोके झाले. अक्षराचं कार्ड साध्या भिंतीवरून रेघांच्या पडद्यावर गेलं, कारण गजबजलेल्या पार्श्वभूमीवर नजर धरणं जास्त कठीण. लांब मार्गिकेत चालताना डावी-उजवीकडे चिकटवलेले आकडे वाचायचे. पडद्यावर सरकणारे पट्टे आणि गर्दीची दृश्यं, आधी बसून, मग उभं राहून, मग फोमवर. चालण्याचे गुण १८ वरून २३ वर आले.

सहावा आठवडा: ‘परत आलं’

मग एका सकाळी फोन आला, मुलाचा. आईने पलंगावर कूस बदलली आणि सगळं पुन्हा गरगरलं. व्यायाम तीन दिवसांपासून बंद होते. उरलेल्या गोळ्या सापडल्या होत्या. उशा पुन्हा तीन झाल्या होत्या.

फोनवरच तीन प्रश्न विचारले. किती वेळ गरगरलं? अर्धा मिनिट, फार तर. बसलेल्या जागी, डोकं स्थिर असताना होतं का? नाही. कुठल्या कुशीवर? उजव्या. बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, ऐकू कमी येणं यातलं काही नव्हतं. न्युरायटिस पुन्हा होणं तसं विरळाच, आणि झाला तर तो अर्ध्या मिनिटात आटोपत नाही. त्याच दिवशी बोलावलं.

डिक्स–हॉलपाइक केली: डोकं उजवीकडे ४५ अंश वळवून झटकन मागे निजवलं, डोकं कडेच्या थोडं खाली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग डोळे वरच्या दिशेने आणि उजव्या कानाकडे पिळत हिसके देऊ लागले, जोर वाढला, उतरला आणि अर्ध्या मिनिटात थांबला. उजव्या मागच्या नलिकेत स्फटिक शिरले होते. म्हणजे बीपीपीव्ही, डोक्याची स्थिती बदलली की थोडा वेळ गरगरवणारा विकार.

आधी सांगितलेली मागच्या नलिकेची गोष्ट इथे जुळते. कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक ज्या भागात बसलेले असतात त्या युट्रिकलचा पुरवठा मज्जातंतूच्या वरच्या फांदीकडे आहे. त्या फांदीच्या दाहानंतर स्फटिक सैल होऊन सुटू शकतात. ते मागच्या नलिकेत घसरतात, आणि तिची फांदी शाबूत असल्यामुळे ती त्यांची हालचाल इमाने कळवते. मागची नलिकाही मेलेली असती तर स्फटिक असूनही त्यांना काही जाणवलं नसतं. न्युरायटिसनंतर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी बीपीपीव्ही होण्याचं हे वळण लिंडसे आणि हेमेनवे यांनी १९५६ मध्येच नोंदवलं होतं. तरीही रुग्णाला त्याची आगाऊ कल्पना क्वचितच कुणी देतं. मग पहिलं गरगरणं येताच महिन्याभराचं काम तीन दिवसांत उलटं फिरतं.

एपली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत वापरली. उजवीकडे निजवलेल्या स्थितीत गरगरणं थांबेपर्यंत थांबायचं, डोकं ९० अंश डावीकडे, मग अंग डाव्या कुशीवर आणि चेहरा जमिनीकडे, शेवटी उठवून बसवायचं. दुसऱ्या फेरीनंतर चाचणी निर्दोष. “आता तीन उशा ठेवू ना?” असं त्यांनी विचारलं. नको. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१७ च्या सूचनांमध्येही या पद्धतीनंतर झोपण्याची बंधनं नकोत असंच आहे. त्याच संध्याकाळी मेट्रोनोम पुन्हा १६० वर.

बाराव्या आठवड्याचे आकडे

प्रश्नावली ५८ वरून २० वर. तिच्यात १८ गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल मानतात, इथे ३८ चा पडला. चालण्याचे गुण २७. फोमवर डोळे मिटून पूर्ण ३० सेकंद. डोकं हलवत असताना आता एकच ओळ जाते. मान दोन्हीकडे जवळपास पूर्ण वळते. पीपीपीडीची छटा सहाव्या आठवड्यातच फिकी झाली होती, त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

उजव्या आडव्या नलिकेचं गुणोत्तर मात्र ०.४२ वरून फक्त ०.४६.

मुलाने तो छापील अहवाल समोर धरून विचारलं, “मग हे बरं झालं कुठे?” प्रश्न योग्य होता. कानाच्या मज्जातंतूत फारशी सुधारणा झालेली नाही आणि बहुधा होणारही नाही. पण आलेख नीट पाहिला की उत्तर दिसतं. पहिल्या तपासणीत डोकं थांबल्यानंतर डोळ्यांची दुरुस्तीची उडी यायची. ‘नजर मागून येते’ ती हीच. आता तीच उडी डोकं फिरत असतानाच मारली जाते, इतक्या लवकर की समोर बसून पाहणाऱ्याला दिसत नाही, कॅमेऱ्यालाच दिसते. अशा लपलेल्या उड्या आणि अक्षर किती स्पष्ट दिसतं याचा जवळचा संबंध आहे. आपण नुसत्या गुणोत्तराकडे पाहत बसलो तर उत्तम सुधारलेल्या माणसाला नापास करू. एका बाजूच्या अशा दोषावर या प्रकारच्या पुनर्वसनाचा उपयोग होतो आणि ते सुरक्षित आहे, असं उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यातही आहे. तोही मुख्यतः माणसाला काय जाणवतं आणि काय करता येतं यावर बोलतो.

काय उरलं

दिवसा गाडी चालवणं सुरू झालं, आधी मोकळ्या जागेत, खांद्यावरून मागे बघण्याचा सराव करून. पावसाळी रात्री चालवायची नाही हे त्यांनी आपणहून ठरवलं आणि आम्ही ते बदलायचा प्रयत्न केला नाही. अंधारात खडबडीत जमिनीवर त्यांना अजून आधार लागतो. नजर आणि पाय दोन्हींची माहिती कमी झाली की अर्ध्या कानाने भागत नाही, आणि हे पुढेही राहील. घरात रात्रीसाठी मंद दिवा लावून घेतला आहे.

ताप, अपुरी झोप किंवा लांबचा प्रवास झाला की जुनं डोलणं एक-दोन दिवस डोकं वर काढू शकतं, हे दोघांनाही समोर बसवून सांगितलं. तेव्हा गोळी शोधायची नाही, दोन दिवस व्यायामाच्या बैठका वाढवायच्या. पण ऐकू अचानक कमी झालं, दोन-दोन दिसू लागलं, जीभ जड झाली, हातपाय लुळे वाटले, पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर व्यायामाचा विचारही न करता तातडीच्या विभागात जायचं.

आता नजरेचा व्यायाम दिवसातून एकदा, आठवड्यातून चार दिवस, मिनिटाला २२० ठोक्यांवर चालू आहे. २४० वर अजून अक्षर फुटतं. पुढची भेट सहा महिन्यांनी ठेवली आहे, आणि तेव्हा तक्रार नसली तरी डिक्स–हॉलपाइक पुन्हा करायची आहे, कारण स्फटिक सुटण्याचा प्रकार उलटू शकतो.